गाडीच्या छताला मखमल

आमच्या दाजींना कुणी काही शिकवायला गेलं की ते शांतपणे ऐकून घेतात, मान डोलवतात आणि मग स्वतःच्याच मनासारखं करतात. माझं लग्न व्हायच्या आधीपासून मी हे बघत आलेय. नरसिंग त्यांचं नाव. माझी थोरली बहीण कस्तुरा, म्हणजे आमची अक्का, तिचे मालक. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर जन्म काढला आणि रिटायर झाल्यावर निलंग्यात दोन खोल्या बांधून राहिले. घरातला मिक्सर बिघडू दे की चपलेचा अंगठा तुटू दे, हा माणूस दुकानाची पायरी चढायचा नाही. स्वतः खोलणार, स्वतः जोडणार, आणि हातात एखादा स्क्रू उरला की "कंपनीवाले एक जास्तीचाच देतात" म्हणून खिशात टाकणार. मेव्हणी म्हणून मला चेष्टेचा हक्क, तो मी पुरेपूर वसूल केलाय. पण गेल्या मे महिन्यातल्या त्या शनिवार-रविवारी मला चेष्टा सुचली नाही. मी नुसती भांडले.

झालं असं. अक्काच्या पोटात दुखतंय दुखतंय म्हणता म्हणता गर्भाशयाचा कॅन्सर निघाला. लातूरच्या दवाखान्यात शेक सुरू झाला. किरणांचा शेक, मशिनीखाली झोपवून देतात. सोमवार ते शुक्रवार रोज जायचं, शनिवार-रविवार मशीन बंद. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी दाजींना समोर बसवून सांगितलं होतं, "काका, काय वाट्टेल ते झालं तरी मधे खंड पडू द्यायचा नाही. खंड पडला तर आतापर्यंतचं सगळं पाण्यात जाईल, मग माझ्याही हातात काही राहणार नाही." मी तेव्हापासून उदगीरचं घर सुनेवर टाकून अक्काकडं येऊन राहिले होते.

अक्काला बसवत नव्हतं. म्हणून दाजींनी आपल्या जुन्या गाडीचं मधलं सीट काढून टाकलं आणि तिथं गादी अंथरली. गाडी कुठली ते मला विचारू नका. पांढरी आहे, म्हातारी आहे आणि दाजींशिवाय कुणाच्या हातानं सुरू होत नाही, एवढंच मला ठाऊक. तर निलंग्याहून लातूर आणि लातूरहून निलंगा, अक्का रोज आडवी पडून जायची, यायची. आपण बसणारी माणसं खिडकीतून बघतो. आडव्या माणसाला दिसतं ते फक्त गाडीचं छत.

आणि ते छत कसलं? गाडीच्या छताला आतून जे कापड असतं, त्याच्यामागं पातळ स्पंज असतो. गाडी जुनी झाली की त्या स्पंजाचा भुगा होतो आणि कापड लोंबायला लागतं. दाजींनी त्याला अक्काच्या साडीच्या पिना टोचून ठेवल्या होत्या. मी म्हणले होते, "दाजी, हे पडंल हं." त्यांनी मान डोलवली.

शुक्रवारी लातूरहून परत येताना लामजन्याच्या अलीकडं एक खड्डा लागला. पिना सुटल्या आणि ते अख्खं कापड, त्याच्यातल्या पिवळ्या भुग्यासकट, अक्काच्या तोंडावर येऊन पडलं. अक्का अशी ओरडली की मी पुढच्या सीटवरून उलटी फिरले. "काढा! आवं, काढा हे! काढा म्हणते ना!" दाजींनी गाडी कडेला घेतली. आम्ही दोघांनी कापड ओढून काढलं तरी तिचे हात थांबेनात, ती तोंडावरून काहीतरी ओरबाडतच होती.

दाजींचा चेहरा पांढराफटक पडला होता. का, ते मला कळत होतं. त्र्याण्णवच्या भूकंपात किल्लारीला अक्का घराच्या मातीच्या माळवदाखाली सापडली होती. शेजारीच तिची सासू गेली. उन्हं वर आली तेव्हा दाजींनी हातांनी माती उकरून तिला बाहेर काढलं. तेव्हापासून अक्का थंडीतसुद्धा तोंडावर पांघरूण घेत नाही, डास फोडून खातील पण मच्छरदाणी लावू देत नाही. आमच्या घरात हे कुणी बोलत नाही, पण सगळ्यांना माहीत आहे.

घरी आल्यावर अक्का भिंतीकडं तोंड करून पडली. भाकरीला हात लावला नाही. दाजी उंबऱ्यात बसले होते, त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "सोमवारी मी येणार न्हाई. तुमचा दवाखाना तुम्हाला लखलाभ."

मी समजूत घातली, रागावले, हातापाया पडले. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या त्याची आठवण दिली. ती फक्त म्हणायची, "त्या गाडीत मी पडणार न्हाई." दुसरी गाडी करू म्हणलं तर तिला तेही नको. एकदा न्हाई म्हणजे न्हाई. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तशी आमची अक्का.

शनिवारी सकाळी उठून बघते तर दाजी गाडी उघडून बसलेले. छतावरचा दिवा काढलेला, धरायच्या कड्या काढलेल्या, उन्हाच्या झापा काढलेल्या. सगळे स्क्रू एका वाटीत. मी म्हणले, "आवं, कुशनवाल्याकडं न्या की! तो नवं कापड लावून देईल."

"कापड न्हाई," दाजी म्हणाले. "कापड म्हणलं की ते आज ना उद्या सुटणार. सुटणार असं कायच नको तिच्या डोक्यावर."

"मग काय उघडा पत्रा ठेवता का?"

"मखमल करतो. ती महालक्ष्म्यांच्या मखराला करती तसली."

आता हे सांगावं लागेल. आमच्याकडं गौरींना महालक्ष्म्या म्हणतात, आणि त्यांच्या मागं जो मखमली पडदा दिसतो तो पुष्कळदा पडदा नसतोच. पुठ्ठ्याला डिंक लावून त्यावर बारीक धाग्यांची पूड चाळणीनं चाळतात. ती डिंकात उभी राहते आणि वाळली की हात फिरवावा तर खरी मखमल. अक्का वर्षानुवर्षं हे करायची, गल्लीतल्या निम्म्या घरांची मखरं तिच्या हातची. दाजी तेव्हा तिला चाळणी धरू लागायचे. म्हणजे अर्धं काम त्यांना येत होतं, आणि अर्ध्या माहितीवर पूर्ण काम अंगावर घ्यायचं हा त्यांचा जन्माचा धंदा.

शेजारचा अश्वजित, वीज मंडळात लाईनमन आहे, तो सुट्टीवर होता. त्याला बोलावलं. गाडीच्या छताला आतून एक मोठा एकसंध पुठ्ठा असतो, तो मागच्या दारातून बाहेर काढायचा होता. वाकवला तर मोडणार, आणि मोडला तर तसला दुसरा निलंग्यात मिळायचा नाही. दाजी आत उताणे पडून पायानं पुठ्ठा तोलत होते, अश्वजित बाहेरून ओढत होता, आणि मी मधे उभी राहून "हळू! हळू! आरं हळू!" एवढंच करत होते. मधेच कर्र् असा आवाज झाला. तिघंही जागच्या जागी थिजलो. फक्त कोपऱ्याची कड चिरली होती. आमचा जीव भांड्यात पडला.

मग दाजी एसटीनं लातूरला गेले, कारण गाडीचं तर हे असं. गंजगोलाईच्या बाजारातून बदामी रंगाची पूड आणि पांढरा डिंक घेऊन दुपारी परत आले. तेवढ्या वेळात मी आणि अश्वजितनं पुठ्ठ्यावरचा सगळा भुगा घासून काढला. तो घामात चिकटतो आणि अंगाला अशी खाज सुटते म्हणता! लवकर वाळणारा वासाचा डिंक मिळत होता, पण दाजींनी मुद्दाम पाण्यातला आणला. शेक सुरू झाल्यापासून अक्काला कसलाही उग्र वास आला की उलटी व्हायची. इथवर मी म्हणेन, माणसाचं डोकं बरोबर चाललं होतं.

पुढं मात्र घोटाळा झाला. दुपारचं ऊन, अंगणात भाकरी भाजावी असली फरशी, आणि दाजींनी सगळ्या पुठ्ठ्याला एका दमात डिंक फासला. खिडकीतून अक्काचा आवाज आला. काल संध्याकाळपासूनचा पहिला.

"आवं, एकदम लावू नका! हातभर लावायचं, चाळायचं, मंग फुडं सरकायचं!"

"तू पड गप," दाजी म्हणाले. "जोड दिसतो तसं केलं म्हणजे."

जोड कसला दिसतोय! शेवटच्या टोकाला पोचेपर्यंत सुरुवातीचा डिंक वाळून कागद झाला होता. पूड वर पडली ती जशीच्या तशी घसरून खाली. दाजींनी पुठ्ठा पत्र्याच्या शेडखाली घेतला, परत डिंक लावला, जाड, आणि वर पूड चाळली. आणि मग हा माणूस घरात गेला आणि अक्काच्या खोलीतला कूलर ओढत बाहेर घेऊन आला.

मी वाट अडवून उभी राहिले. "दाजी! ती आत उकडून मरायली आन् तुम्ही गाडीच्या छताला कूलर लावायलाव? डोकं ठिकाणावर हाय का तुमचं?"

"उन्हानं डिंक करपतो. गारव्यानं बरोबर बसंल."

"आन् बायको करपली तर?"

"सरजे, बाजूला हो."

त्यांनी मला असं कधी म्हणलं नव्हतं. मी बाजूला झाले आणि अक्काजवळ जाऊन ओल्या फडक्यानं तिचं अंग पुसत बसले. अक्का डोळे मिटून म्हणाली, "सांग त्यांला, कूलरची हवा ओली असती." मी नाही सांगितलं. म्हणलं, होऊ दे फजिती.

रविवारी सकाळी फजिती समोर होती. रात्रभर ओली हवा खाऊन डिंक तसाच चिकचिकीत राहिला होता. वाऱ्यानं पूड एका अंगाला झोपली होती, कुठं थर, कुठं उघडा पुठ्ठा. खरूज झालेल्या कुत्र्याच्या पाठीसारखं दिसत होतं. उरलेली पूड जास्वंदीवर, धुण्याच्या दगडावर आणि रांजणाच्या झाकणावर पसरलेली. पिशवीत निम्मीसुद्धा राहिली नव्हती, आणि रविवारी ते दुकान बंद.

मी कालचं सगळं एकदम काढलं. "झालं समाधान? आता उद्या काय करता? उघड्या पत्र्याखाली न्हेता तिला? येईल ती? तुमच्या हट्टापायी माझी बहीण जायची, कळतंय का तुम्हाला?"

बोलून गेले आणि माझंच तोंड कडू झालं. दाजी चिकट पुठ्ठ्याकडं बघत उभे राहिले, हनुवटी हलत होती. वजनकाट्यावर गाडीवानांशी, मुकादमांशी भांडलेला माणूस हा, मी त्यांना तसं कधीच बघितलं नव्हतं. अश्वजित कुंपणापाशी आला होता, तो आल्या पावली मागं फिरला.

तेवढ्यात आतून अक्का म्हणाली, "मला बाहेर घ्या."

अश्वजितला परत हाक मारली आणि तिची बाज शेडखाली आणली. तिनं उशीवरून मान वळवून पुठ्ठा बघितला, नाक मुरडलं. "शी! चाळणी धरता धरता एवढी वर्सं काय बघत व्हता वो तुम्ही?"

"तुझ्याकडं," दाजी म्हणाले.

"जळ्ळं मेलं ते बघणं. उन्हात टाका ते. करकरीत वाळू द्या. पाणी लावलं तर पुठ्ठा फुगंल, खबरदार."

दिवसभर पुठ्ठा उन्हात तापला. मग दाजींनी पॉलिश पेपरनं सगळं घासून काढलं. हाताची सालटं निघाली, पण मान वर केली नाही. मी गुपचूप जास्वंदीवरची, दगडावरची पूड झाडून गोळा केली आणि दोनदा चाळून घेतली, तरी पुरेना. अक्का म्हणाली, "माझ्या पत्र्याच्या पेटीत हिरवी असंल, ती काढ. डोक्याकडं बदामी, पायाकडं हिरवं करा."

उन्हं कलल्यावर काम सुरू झालं. पुठ्ठा शेडखाली दोन स्टुलांवर टेकवला आणि खाली वर्तमानपत्रं अंथरली. दाजी हातभर डिंक लावायचे, मी चाळायची. आणि अश्वजितला अक्कानं लाटणं दिलं. "पुठ्ठ्याला खालनं बारीक बारीक ठोकत राहा. ठोकलं की पूड उभी राहती. जोरात न्हाई. लेकराला थोपटतो तसं." अश्वजित पुठ्ठ्याखाली वाकून लाटण्यानं टकटक करत होता, म्हणाला, "काकू, खांबावर चढलेलं परवडलं." अक्का खुदकन हसली. मला वाटलं, जमलं. ही आता उद्या येणार. म्हणून मी पटकन म्हणले, "अक्का, मग उद्या सातला निघायचं ना?"

तिचं हसू जागीच विरलं. "उद्याचं नाव काढू नको," ती म्हणाली आणि तोंड फिरवलं. दाजींचा ब्रश एक क्षण थांबला आणि परत चालू झाला.

शेवटच्या हातभराला डिंक लावून झाला होता, चाळायचं तेवढं राहिलं होतं आणि वारं सुटलं. मे महिन्यातलं ते धुळीचं वारं, एक लोट आला असता तर सगळ्या ओल्या डिंकावर माती बसली असती. मी गोधड्या आणल्या. दाजी एका बाजूनं, मी एका बाजूनं, हात ताणून गोधड्यांचा आडोसा धरून उभे राहिलो. आता चाळणार कोण? अश्वजितचे हात लाटण्यात. अक्का कुशीवर वळली, कोपरावर उठली, दातओठ खाल्ले आणि मी खाली ठेवलेली चाळणी ओढून घेतली. शेवटचं हिरवं तिनं चाळलं. एका हातानं. कपाळावर घामाचे थेंब आले, पण हात एकदासुद्धा गचकला नाही. वारं पडलं तेव्हा तिला उशीवर टेकवलं, ती धापा टाकत होती. कूलर तिच्याच खोलीत परत गेला, आणि पुठ्ठा शेडखाली तसाच वाळत ठेवला.

सोमवारी मला जाग आली तेव्हा दाजी आणि अश्वजित पुठ्ठा बसवून स्क्रू आवळत होते. मी आत डोकं घालून बघितलं. सुटी पूड ब्रशनं झाडून टाकलेली. हात फिरवला. एक धागा हाताला लागला नाही. देवाशप्पथ सांगते, नव्या गाडीला नसेल असं छत झालं होतं. मी म्हणले, "दाजी, मानलं तुम्हाला." त्यांचं लक्षच नव्हतं. ते घरात गेले आणि अक्काच्या बाजेपाशी उभे राहिले. चल म्हणाले नाहीत. म्हणाले, "कसं झालंय ते बघ तरी. पडून बघ. न्हाई आवडलं तर परत घरात आणतो."

आम्ही तिला उचलून गादीवर निजवलं. दाजी मागचं दार धरून उभे राहिले, मी त्यांच्या शेजारी. अक्का वर बघत राहिली. डोक्याकडून पायाकडं, पायाकडून डोक्याकडं.

"बेस झालंय," ती म्हणाली. "लई बेस झालंय. पर मी येणार न्हाई."

मी दाजींकडं बघितलं.

"कापड पडलं ते निमित्त झालं," अक्का छताकडंच बघत बोलत होती. "मला त्या मशिनीचं भ्या वाटतंय. ती पोरं मला झोपवतात, हलू नका म्हणतात आन् सगळी बाहेर पळतात. एवढं जाड दार लावून घेतात. मंग ते वरचं धूड घरघरत माझ्या आंगावरनं फिरतं. तिथं मी एकटीच असते वो. हाक मारली तर कोण येणार?"

"मला ठावं हाय," दाजी म्हणाले.

"काय ठावं हाय?"

"पहिल्याच दिशी कळालं. तू बाहेर आलीस तवा तुझा हात गार पडला व्हता."

"मंग ह्या छतापायी कशाला एवढी मरमर केली?"

दाजी दाराच्या कडीशी चाळा करत राहिले. "त्या खोलीत मला सोडीत न्हाईत, कस्तुरे. मी विचारलं. डॉक्टरीणबाईला विचारलं, मशिनीवाल्याला विचारलं. न्हाईच म्हणले. मंग जिथवर माझा हात पोचला तिथवर केलं."

अक्कानं मान वळवून त्यांच्याकडं बघितलं. सोललेली बोटं, नखांत अडकलेलं बदामी आणि हिरवं.

"मी आत असते तवा तुम्ही कुठं बसता?"

"बसत न्हाई. त्या दाराला पाठ लावून उभारतो."

"रोज?"

"हाव. ते हाकलतात, 'आजोबा तिकडं बाकड्यावर बसा' म्हणतात. ती माणसं वळली की मी परत येऊन उभारतो."

अक्कानं पदरानं डोळे पुसले. मग गादीवर अंग नीट सावरून घेतलं.

"दार लावा मंग," ती म्हणाली. "आन् हाकललं तर लांब जाऊ नका."

दाजींनी दार लावलं आणि गाडी काढली. मी पुढं बसले आणि निलंगा मागं पडेपर्यंत पदरात तोंड खुपसून रडत होते.